आमच्या घरचं पाणी प्यालेला माणूस

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आणि मी ख्रिस्ती घरातली, उपदेशकाची सून... त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा चोरट्यासारखं होतंय. लोक धरूनच चालतात की चर्चला जाणाऱ्या बाईचा देवदूतांवर विश्वास असणार. नव्हता हो! लहानपणी यवतमाळला नाताळच्या नाटकात मी देवदूत झाले होते. बांबूच्या कामट्या, त्यावर जुनं लुगडं, आणि लुगड्यावर खळीनं चिकटवलेला कापूस, तोही सरकीसकट. स्टेजवर गेल्यागेल्या पंख गळायला लागले आणि मेंढपाळ झालेल्या मुलाला शिंका सुरू झाल्या. तेव्हापासून देवदूत म्हटलं की मला त्या शिंकाच आठवायच्या.

लग्नानंतर ही गोष्ट मी सासऱ्यांना सांगितली. मी त्यांना मामाजी म्हणायची. आयुष्यभर गावोगाव फिरून उपदेश केलेला माणूस, पण पंखांचं ऐकून असे काही चिडले की विचारू नका. "पंख कोणी सांगितले तुले? पंख करूबीम, सराफीम यायले आहेत, देवाच्या आसनापाशी राह्यतात त्यायले. जे मानसाकडं येतात ते मानसासारखेच येतात!" मग त्यांची गाडी सुरू. देवदूत म्हणजे पाठवलेला. त्याचं स्वतःचं काही नसतं, निरोप द्यायचा, काम करायचं, निघून जायचं. पाया पडू देत नाही, नाव सांगत नाही. बायबलातल्या मानोहानं विचारलं तर त्यालाही सांगितलं नाही. अब्राहामाकडं तिघं आले ते भर उन्हाच्या वेळी, तंबूच्या दाराशी, वाटसरूसारखे. आणि आले की बहुतेक वेळा पहिलं म्हणतात, भिऊ नको.

मी चुलीपाशी बसून ऐकायची, आणि वादही घालायची. आमचं भांडण ठरलेलं होतं, हागारेवरून. हागार म्हणजे अब्राहामाच्या घरची दासी. मालकिणीच्या जाचाला कंटाळून पोटुशी बाई रानात पळून जाते. तिथं झऱ्यापाशी दूत तिला गाठतो, विचारतो, कुठून आलीस, कुठं चाललीस? आणि सांगतो, परत जा.

"परत जा म्हणायले त्याचं काय जाते मामाजी? भांडे तिलेच घासायचे होते न!"

मामाजी खोकला येईपर्यंत हसायचे. मग म्हणायचे, "सूनबाई, एक पाह्यलं का? तिले दोन सवाल केले होते. तिनं पहिल्याचंच उत्तर देल्लं. दुसऱ्याचं तिच्यापाशी नव्हतंच."

हे सगळं घडलं ते गाव मुकुटबनपासून चालत दीडेक तासावर. नाव देत नाही, तिथली माणसं अजून आहेत. साल बासष्ट असावं. माझे यजमान तिथं मास्तर होते. गावात शिरायच्या आधी नाला लागायचा. नाल्याच्या अलीकडं शाळेची एक खोली आणि तिला लागून मास्तरांसाठी दोन खोल्यांचं कौलारू घर. समोर पडवी, पुढं एक मोहाचं झाड. बाकी सगळं गाव नाल्यापलीकडं.

गावातले लोक वाईट नव्हते. येता-जाता बोलायचे, भाजी द्यायचे, पोरांना शाळेत पाठवायचे. फक्त आमच्या घरचं पाणी पीत नसत. आम्हाला विहिरीवर जायची बंदी होती असंही कोणी तोंडानं म्हटलं नव्हतं, पण मी नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून पाणी आणायचं हे आपोआप ठरून गेलं होतं. पडवीत कोणी टेकलं की मी विचारायची, चहा ठेवू का? "आत्ताच घेऊन आलो बाई." पाणी तरी? "आत्ताच प्यालो." त्या गावात सगळे कायम आत्ताच पिऊन आलेले असायचे. मला सुरुवातीला हसू यायचं. पुढं पुढं मी विचारणंच बंद केलं.

त्या वर्षी यजमानांना ट्रेनिंगसाठी यवतमाळला जावं लागलं. शाळा बंद. घरात मी आणि मामाजी. आणि होळीच्या सुमारास मामाजी दोन दिवसांच्या तापानं गेले. यजमान आले, माती दिली, आणि परत गेले. ट्रेनिंग सोडलं तर नोकरी जाणार होती. "दोन महिने काढ," म्हणाले. मला तेव्हा पाचवा महिना लागत होता.

काढ म्हणजे काय काढ, हे त्यांना काय सांगणार? सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. माझा आवाज मलाच परका वाटायला लागला होता. मी माठाशी बोलायची. खरंच सांगते. "आज लई गरम आहे गा," असं माठाला म्हणायची आणि त्याच्या अंगावरून हात फिरवायची. घरात तेवढंच एक थंड होतं. पोटातलं बाळ हललं की रडू यायचं. वाटायचं, ह्याला जन्म देताना दार वाजवायलासुद्धा कोणी यायचं नाही.

मे महिन्यात एका दुपारी मी ठरवलं, बस्स. संध्याकाळी मुकुटबनहून मोटार मिळायची. ती धरून माहेरी यवतमाळला जायचं, आणि पुन्हा ह्या घरात पाऊल ठेवायचं नाही. नोकरी जावो, नाहीतर नवरा रागावो. मुद्दाम भर दुपारी निघाले, कारण तेव्हा सगळं गाव दारं लावून पडलेलं असतं. कोणी पाहणार नाही, विचारणार नाही. निघताना फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात पाणी भरून घेतलं आणि माठातलं उरलेलं पाणी मोहाच्या बुडाशी ओतलं. माठ पडवीत पालथा घातला. परत यायचं नसलं की घरात पाणी भरून ठेवायचं नाही, असं माझी आई करायची.

ते ऊन काय सांगू! विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. पाऊण तास चालले असेन. डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं तशी एका पळसाखाली बसले. सावली नावालाच. पोट आवळून आलं होतं. मनात आलं, इथंच पडले तर बरं... आणि लगेच भीतीही वाटली, माझी नाही, पोटातल्याची.

"कुठून येऊन राह्यली वो बाई?"

दचकून पाहिलं तर समोर एक माणूस. धोतर, बंडी, डोक्याला पांढरा दुपट्टा. चाळिशीचा असेल किंवा साठीचा, चेहरा आता आठवत नाही. पायात काही नव्हतं. त्या तापलेल्या मुरमावर अनवाणी उभा होता, शेणानं सारवलेल्या अंगणात उभं राहावं तसा निवांत.

मी म्हटलं, "शाळेच्या घरून."

"अन् कुठं जाऊन राह्यली?"

आमच्याकडं रस्त्यात भेटलेला प्रत्येक माणूस हेच विचारतो, त्यात नवल काही नाही. पण मला उत्तरच देता येईना. माहेरी, म्हणायचं होतं. आई तर केव्हाच गेली होती, भावजय किती दिवस ठेवून घेणार होती?

तो म्हणाला, "पानी आहे का?"

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "आमच्या घरचं आहे. लोक पीत नाहीत."

त्यानं वाकून ओंजळ पुढं केली. मी फिरकी काढली आणि ओतायला लागले. तो प्यायला लागला... आणि पितच राहिला. त्याचा गळा वरखाली होताना मी पाहत होते. मला रडू फुटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या मुलखातलं कोणीतरी माझ्या हातचं पाणी पीत होतं! तांब्या पार उपडा केला मी. शेवटचा थेंब पडलेला पाहिला, फिरकी लावली. मग लक्षात आलं, अगं बाई, आता मी काय पिऊ?

तोंड पुसत तो म्हणाला, "घरी जाय. तुह्यी वाट पाहून राह्यले."

मला असा राग आला! "कोण पाह्यते वाट? घरी कुत्रंही नाही माझ्या!"

"जाय," म्हणाला. आवाज चढवला नाही, समजूत घातली नाही. निरोप दिला आणि झालं. मी डोळे पुसायला पदर वर केला, खाली केला, तर तो जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्याच्या वाटेला लागलेला दिसला. नाव विचारायचं राहून गेलं. पुढं तांड्यावर चौकशी केली, तर त्या दिवशी तिकडं कोणी आलंच नव्हतं.

मी का वळले ते मला सांगता येत नाही. मुकुटबन आणि घर सारख्याच अंतरावर होतं. कदाचित दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं म्हणून असेल.

घर दिसलं तशी पडवीत कोणीतरी पडलेलं दिसलं. नाल्यापलीकडची कौसल्या. माहेराहून तीन वर्षांच्या नामूला कडेवर घेऊन चालत आलेली, गाडी आली नाही म्हणून. गावापर्यंत पाय चालले नाहीत, पहिली सावली माझी लागली. पोराला ऊन लागलं होतं. डोळे फिरवलेले, अंग तव्यासारखं, ओठ काळे. कौसल्येच्या तोंडातून धड आवाज निघत नव्हता. "बाई... पोरगं चाललं माह्यं..."

मी माठाकडं धावले. माठ पालथा. मीच घातलेला! झिऱ्यापर्यंत जाऊन येणं, गावात हाका मारणं, कशालाच वेळ नव्हता. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि काखेतला तांब्या निसटून धपकन पडला.

रिकामा तांब्या खणकन वाजतो. हा धपकन पडला होता.

उचलला तर जड. फिरकी काढली तर काठोकाठ भरलेला. आणि थंड... माठातलं असतं तसं थंड.

विचार करायला सवड नव्हती. तांब्या घेऊन पोराजवळ बसले आणि तिथं माझा हात अडला. ही कौसल्या "आत्ताच घेऊन आलो" म्हणणाऱ्यांतलीच. आधी विचारावं का?

"पाह्यतं काय वो बाई! दे न पानी त्याले!"

बोटानं थेंब थेंब पाजलं. पदर भिजवून डोक्यावर, छातीवर ठेवला. कितीतरी वेळानं पोरगं कण्हलं, मग भोकाड पसरून रडलं. ते रडणं ऐकून आम्ही दोघी रडलो. कौसल्येनं मग हात पुढं केला. "मलेही घोटभर दे माय." तिला दिलं तेव्हा तांब्या संपला. तांब्याभर पाणी होतं, तांब्याभरच निघालं, थेंब जास्त नाही.

संध्याकाळी नाल्यावरून कौसल्या येताना दिसली. डोक्यावर घागर, गावच्या विहिरीची. पडवीतला माठ उचलला, सरळ केला, धुतला, आणि घागर त्यात ओतली. "दोन जिवाची बाई, बिनपान्याच्या घरात राह्यते का?" म्हणाली. मग पायरीवर बसून म्हणाली, "चहा ठेव."

यजमानांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं, तुला ऊन लागलं होतं, तू कोणाला पाणी पाजलंच नाहीस. माझी मुलगी, म्हणजे तेव्हा पोटात होती ती, हेच म्हणते, फक्त इंग्लिश शब्द वापरून. असेल बापा. मी स्वतः मामाजींच्या कसोट्या लावून पाहिल्या आहेत. नाव सांगितलं नाही, बरोबर. पाया पडून घ्यायला थांबला नाही, बरोबर. पण "भिऊ नको" म्हणाला नाही. आणि मामाजींच्या दूतांत तहान लागलेला एकही नव्हता. शिवाय पाणी तो प्याला असेल तर तांब्यात आलं कुठून, आणि प्यालाच नसेल तर मी ओतलं ते गेलं कुठं? पळसाखालची माती कोरडी होती, एवढं मी शपथेवर सांगते. यापुढं माझं लॉजिक चालत नाही.

आता यजमान नाहीत. मुलगी दूर असते, रविवारी फोन करते. मी यवतमाळला दोन खोल्यांत एकटी आहे, आणि मे महिन्यातल्या दुपारी पुन्हा तसंच होतं... दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. तांब्या भरून दारापाशी ठेवते, दार उघडं ठेवते. शेजारीण ओरडते, चोर येईल म्हणून. येऊ दे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी अजूनही नाही, पण तो कोणीतरी येऊन विचारावा असं फार वाटतं.