आवाज बंद केलेली मॅच

हाफटाइमला टीव्हीवर खेळाबद्दल बोलायला एक बाई आली आणि ह्यांनी लगेच आवाज बंद केला. "बायकांना काय कळतंय फुटबॉलमधलं!" ती बोलतच राहिली; नुसते ओठ हलत होते.

माझ्या वडिलांची नजर गेली, तरी कोल्हापुरात आमच्या पेठेची मॅच त्यांनी कधी चुकवली नाही. मैदानाच्या पायऱ्यांवर शेजारी बसून मी सांगत राहायचे, बॉल कुणाकडं आहे, कोण मोकळा पळतोय. दम घ्यायला थांबले, की माझ्या गुडघ्यावर थाप पडायची. "बोल की गं. तू थांबलीस की मला दिसायचं बंद होतंय."

पडद्यावरचे ओठ अजून हलताहेत. ती काय म्हणत असेल, ते मी सांगू शकते. फक्त कुणीतरी गुडघ्यावर थाप मारायला हवी.