रविवारचं जेवण

लिमासोलला मुलाकडे जाऊन मला महिना होत आला होता. सायप्रस बेटावरचं हे समुद्राकाठचं शहर. मुलगा तिथे जहाजांच्या कंपनीत आहे. तो ऑफिसला गेला की मी गॅलरीत बसून समुद्राकडे बघायची. समुद्र तरी किती बघणार? शेवटी एका शनिवारी तोच म्हणाला, "आई, चल, तुला डोंगरात नेतो."

वर जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे होते, पण आमच्या नाशिकसारखे मांडवावर चढवलेले नव्हेत. बुटके वेल, जमिनीलगत पसरलेले. गाव दगडी, उतारावरचं, आणि इतकं शांत की मला माझ्याच चपलांचा आवाज मोठा वाटायला लागला. निम्म्या घरांना कुलपं. दिवाळीनंतर आमच्याकडे पेठ तालुक्याच्या बाजूला गेलं की अशीच गावं दिसतात. कर्ती माणसं द्राक्षांच्या कामाला नाशिककडे उतरलेली आणि ओट्यावर म्हातारी तेवढी मागे.

मुलाला ऑफिसचा फोन आला म्हणून तो चौकातल्या कॉफीच्या दुकानापाशी थांबला. मी एकटीच पुढे गेले. एका दारात काळ्या कपड्यांतली म्हातारी बाई खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर भिजवलेले बदाम. सुईने ती ते दोऱ्यात ओवत होती. मी बघत उभी राहिले तर तिने आतून दुसरी खुर्ची आणली आणि एक सुई माझ्याही हातात दिली. हे सर द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवतात, हे तिने हातवारे करून समजावलं. ती तिच्या भाषेत बोलत होती, मी मराठीत, आणि आमचं छान चाललं होतं. तिने मला पाकातला कोवळा अक्रोड खायला दिला, थेट मुरांब्यासारखा. भिंतीवरचा लेकीचा फोटो दाखवला आणि हाताचं विमान करून ते लांब, खूप लांब उडवलं.

मग तिने बकरीसारखा आवाज काढला आणि घास तोंडात घालायची खूण केली. मी दोन्ही कानांना हात लावून "नाही, नाही" म्हटलं. दोघीही खूप हसलो. मला वाटलं, गंमत चालली आहे.

निघताना तिने माझे हात धरले आणि बरंच काही बोलली. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, किरियाकी. मी जोरजोरात मान डोलावली. "हो, हो. येते हं," म्हणाले. निघताना 'जाते' म्हणायची आपल्याकडे रीतच नाही.

पुढच्या पंधरवड्यात मुलगा ऑफिसच्या लोकांबरोबर पुन्हा त्या गावी जाऊन आला. आल्या आल्या हसत म्हणाला, "आई, तू तिथल्या आजींना जेवायला येते म्हणाली होतीस?"

"मी? छे!"

"कॉफीवाल्याने ओळखलं मला. म्हणाला, तुझी आई का नाही आली रविवारी? किरियाकी म्हणजे रविवार. आजींनी चर्चमधून येऊन अंगणात टेबल मांडलं होतं. इंडियातली मैत्रीण येणार म्हणून गल्लीभर सांगितलं होतं. तू मटण खात नाहीस म्हणून सगळं बिनमटणाचं केलेलं. दुपार सरली तरी कुणाला हात लावू दिला नाही म्हणे."

त्या रविवारी आम्ही मॉलमध्ये होतो. नाशिकच्या मैत्रिणींसाठी मी पर्स निवडत होते.

"मला तिकडे ने," मी म्हणाले.

"एवढं काय त्यात? तुला भाषा येत नव्हती. समजून घेतील त्या."

"घेतील रे. पण टेबलापाशी बसून ती राहिली ना?"

माझ्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी त्याला सवड झाली. मी रव्याचे लाडू केले होते. कॉफीवाला इंग्रजी बोलायचा, त्याला दुभाष्या म्हणून सोबत घेतलं. आजी मला बघून उठल्या, माझ्या गालावरून हात फिरवला. मी चुकले म्हणून सांगितलं. मला समजलंच नव्हतं, असंही सांगितलं.

त्यांचं बोलणं ऐकून घेऊन कॉफीवाला आमच्याकडे वळला. मग म्हणाला, "त्यांना वाटलं, तुम्ही आजारी पडलात. त्या चर्चमध्ये तुमच्या नावाने मेणबत्ती लावून आल्या."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरात होतं ते त्यांनी पुढे ठेवलं. पाव, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो. "आज काही केलेलं नाही," असं त्या सारखं म्हणत होत्या. मी सगळं संपवलं. मग त्यांनी विचारलं, या रविवारी येशील ना?

मुलगा हळूच म्हणाला, "हो म्हण ना, आई. बरं वाटेल त्यांना."

"नाही," मी म्हणाले. "मी उद्या परत जाते आहे. पुन्हा येणं होईल असं वाटत नाही."

आजींनी ते ऐकलं. त्यावर त्या एक छोटंसं वाक्य बोलल्या.

"त्या विचारतात," कॉफीवाला ओशाळून म्हणाला, "मग आज आलात कशाला?"

मी त्यांच्यासाठी आले नव्हते. मनावरचं ओझं उतरवायला आले होते, आणि त्यासाठी त्यांना दुसऱ्यांदा आशेला लावलं होतं.

नाशिकला आल्यावर सगळे विचारतात, समुद्र कसा होता? मी समुद्राचं सांगते. गेल्या महिन्यात मुलाच्या मागे लागून मी त्याला एका रविवारी तिकडे पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. आजींनी भरपूर वाढलं म्हणाला. मग म्हणाला, "आई, गाडीचा आवाज ऐकून त्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. मी उतरलो तरी आत वाकून बघत होत्या, मागच्या सीटवर कोणी आहे का."

मी विचारलं, "नीट जेवलास ना?"

"हो," तो म्हणाला.