आसगरने निवडलेला प्लॅटफॉर्म

आसगर क्विस्ट हा आमच्या एजन्सीतला सगळ्यात सज्जन माणूस, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला शिव्या घालणार आहात. डेन्मार्कमधल्या लेमविग गावात, बंदरामागे आमचं ऑफिस आहे. बेंटे मालकीण, मी जाहिरातींचा मजकूर लिहिते आणि आसगर गिऱ्हाइकांच्या वेबसाइट करतो. धिप्पाड, दाढीवाला आणि लहान मुलासारखा रुसका. त्याच्या बापाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि चाक जराही डुगडुगत असेल तर बाप ते गिऱ्हाइकाला नेऊ देत नसे. हा वेबसाइटच्या बाबतीत तसाच. दोन ओळींमधलं अंतर केसभर हललं तरी याला जेवण जात नाही.

आणि गिऱ्हाइकं तर हलवणारच. खाटीककाम करणाऱ्या विलाड्सला त्याने एकदा मोकळा हात दिला, तर त्या बाबाने पहिल्याच पानावर जांभळ्या अक्षरात ईस्टरच्या शुभेच्छा लिहिल्या आणि खाली नाचणारं सॉसेज लावलं. आसगर दिवसभर कोणाशी बोलला नाही.

प्रत्येक गिऱ्हाइकाची वेबसाइट वेगळ्या पद्धतीने केलेली, कुठलं काय कसं चालतं ते कोणाच्या लक्षात राहत नव्हतं. म्हणून बेंटेने फर्मान काढलं, सगळ्यांसाठी एकच प्लॅटफॉर्म. "तूच निवड, आसगर. यातलं तुलाच कळतं."

हिवाळाभर त्याने एकेक प्लॅटफॉर्म तपासला. शेवटी दोन उरले. एक असा, की गिऱ्हाइकाला आपलं पान स्वतः सहज बदलता येईल. दुसरा दिसायला देखणा, पण किल्ल्या सगळ्या एजन्सीच्या हातात. आसगरने दुसरा निवडला.

"म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः काहीच बदलायचं नाही?" मी बैठकीत विचारलं. "आपण तर त्यांना कबूल केलंय."

"त्यांना लिहिता येईल ना. सेव्ह केलं की ते आपल्याकडे मंजुरीला येईल. मी बघून घेईन."

"तू बघशील? सॉसेज मंजूर करशील?"

"ते बघू," तो म्हणाला आणि लाल झाला.

राय धान्याचा काळा पाव आणि हेरिंग मासे टेबलावर मांडून झाले होते. जेवण लांबवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, झालं.

तूरा नॉरगोर हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. चर्चच्या बाजूच्या गल्लीत तिचं लोकरीचं दुकान. नवरा गेल्यावर तिने ते उघडलं आणि त्याच दुकानाने तिला माणसांत ठेवलं. बुधवारी संध्याकाळी बायका तिथे विणायला जमतात, कॉफी पितात आणि गावातल्या प्रत्येकाची उणीदुणी काढतात. मीही जाते. दोन वर्षं झाली, माझा स्वेटर अजून बाहीवर अडलाय.

नवी वेबसाइट आल्यापासून तूराचे फोन सुरू झाले. आसगर स्पीकर लावूनच बोलतो, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"आसगर, मीच आहे रे, परत. शनिवारी दुकान बंद आहे असं लिहिलं. सेव्हही दाबलं. आता बघते तर काहीच नाही. काय करून ठेवलं मी?"

"होतं असं, तूरा. मी करतो."

"चष्मा बदलून आणला, तरी तेच. डोकंच चालेनासं झालंय माझं."

"होतं असं."

तिने वाचनालयातला संगणकाचा वर्ग लावला. तिथल्या मास्तरणीने तिला तिचंच पान उघडून शिकवलं, सेव्हही दाबून घेतलं, तरी घरी येऊन बघते तर पान होतं तसंच. "वर्गात सगळ्यांना जमतं, मलाच नाही," ती फोनवर म्हणाली. "आता दुकान सोडावं लागणार बहुतेक. उद्या हिशेबातही असा घोळ घातला तर?"

"काहीतरीच काय," आसगर हसला. "तू आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाशील."

फोन ठेवल्यावर मी तिची नक्कल करायचे. चष्मा नाकावर ओढून, बोट हवेत धरून बटण शोधायचं. ऑफिस हसायचं. आसगर मात्र हसायचा नाही. मला वाटायचं, किती सहृदय माणूस.

मग एका शुक्रवारी सकाळी, आम्ही सगळे नाश्त्याला बसलो असताना, तूरा स्वतः आली. हातात झाकलेला ट्रे. आमच्याकडे कामात कोणी माती खाल्ली की त्याने सगळ्यांसाठी केक आणायचा, सगळ्यांनी त्याची भरपूर चेष्टा करायची, आणि केक संपला की विषय संपला. इथे प्रत्येक ऑफिसात हीच रीत. पण गिऱ्हाइकाने केक आणलेला मी कधी पाहिला नव्हता.

"माझ्या घोळांचा केक," ती म्हणाली. "या माणसाला वर्षभर पिडलंय मी. सगळ्यांत मोठा तुकडा आसगरला द्या."

वर खोबरं आणि तपकिरी साखरेचा जाड थर होता. बेंटेने टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "तूरा, एवढ्याशा केकमध्ये तुझे घोळ मावायचे नाहीत," आणि ती सगळ्यांत मोठ्याने हसली.

आसगरने तुकडा तोंडात घातला. चावेना की गिळेना.

"आणि शेवटचाच बरं का," तूरा म्हणाली. "दुकान सोडलं मी. जागामालकाला कळवलं, त्याने जागा केस कापणाऱ्या पोरीला देऊनही टाकली. माणसाला आपलं कधी संपलं ते कळायला हवं."

आसगर उठला. खुर्ची मागे पडली.

"तूरा, तू बरोबर दाबत होतीस."

"काय?"

"सेव्ह. तू बरोबर दाबत होतीस. ते इथे यायचं, मंजुरीला. मी मंजूर करत नव्हतो. कोणाचंच नाही. मला माझी पानं बिघडू द्यायची नव्हती."

बेंटेने कप खाली ठेवला.  ती मंजुरीची गोष्ट मी बैठकीत स्वतःच्या कानांनी ऐकली होती आणि तरीही त्या बाईची नक्कल करत होते. लाजेने माणूस मरत असता तर त्या टेबलाभोवती एकही जण उरला नसता.

"प्रत्येक वेळी?" तूराने विचारलं.

"प्रत्येक वेळी."

"चष्म्याच्या वेळीसुद्धा?"

"हो."

"मग तू 'होतं असं' का म्हणायचास?"

 धिप्पाड माणूस, दाढीत खोबरं अडकलेलं, रडत होता. "मी मालकाशी बोलतो," तो म्हणाला. "त्या पोरीशी बोलतो. आपण जागा परत..."

"तिने रंगही लावायला घेतलाय भिंतींना. तिला काय सांगणार?"

तूरा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने कोटाची बटणं लावली, एकेक करून, सगळी नीट.

"मुलीला फोन करून सांगितलं मी," ती म्हणाली, "की मला विसरायला होतंय. डॉक्टरकडे तपासायला ने म्हणून. पुढच्या आठवड्यात घेऊन जाणार आहे ती मला."

आणि मग, आसगरकडे नाही, आमच्या सगळ्यांकडे बघत, खरंच विचारावं तसं तिने विचारलं, "आता तिला काय सांगू?"