बुसैतीनची भिशी आणि वेल्सची पेढी

तुमच्या आजोबांनी गावच्या बुद्धविहारातल्या वाचनालयासाठी पुस्तकांची खोकी बांधली, आणि त्यापायी माझी भिशी मोडायला आली. आखाती युद्ध संपून थोडेच दिवस झाले होते. बहरीनमध्ये त्या काळी कोणाच्या दारात खोकी दिसली की एकच अर्थ निघे : यांचे इथले खलास, ही मंडळी कायमची परत चालली.

बुसैतीनच्या आमच्या इमारतीतल्या बायका दरमहा ठरलेले दिनार माझ्याकडे देत आणि जिची चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम मिळे. ज्यांची चिठ्ठी अजून निघायची होती, त्या आता पैसे परत मागू लागल्या. पैसे माझ्याकडे नव्हतेच. कोणाचा फ्रिज झाला होता, कोणाचे विमानाचे तिकीट. भिशी मोडली असती तर सगळ्यांचे पैसे मला पगारातून फेडावे लागले असते, आणि माझ्या शब्दाला पुन्हा किंमत उरली नसती. खोक्यांत वाचनालयाची पुस्तके आहेत म्हणून मी सांगितले, पासपोर्टवरचा नवा व्हिसाही दाखवला. तळमजल्यावरची रत्नागिरीची भाभी म्हणाली, व्हिसा काय, रद्दही होतो.

ऑफिसात माझे साहेब वेल्सचे होते. ते आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत आणि जेवणाच्या सुट्टीत मी तो टाइप करत असे. त्यांच्या पूर्वजांची एका लहान गावात, लोकरीच्या दुकानातच, पेढी होती. गुरांचे व्यापारी तिथून कर्ज घेत आणि गुरे हाकत इंग्लंडच्या बाजारांपर्यंत पायी जात. एकदा पेढी बुडाल्याची अफवा उठली आणि ठेवीदार दारात जमले. पैसे बुडाले नव्हते, चार पायांवर वाटेत होते. तेव्हा पेढीवाल्याची बायको चुन्याची बादली घेऊन बाहेर आली आणि दुकानाची दर्शनी भिंत रंगवू लागली. सोडून जायचे घर कोण रंगवतो? लोक बघत राहिले आणि हळूहळू पांगले. गुरे विकली गेली, पैसे आले, पेढी तरली.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी थेट मनामाच्या बाजारात गेले आणि बैठकीच्या पडद्यांसाठी चांगले जाड कापड घेतले. पडदे हवेच होते. खर्चाला भिऊन मी ते लांबवत आले होते. शुक्रवारी सगळ्यांना चहाला बोलावले.

भाभी दारातच म्हणाली, "वहिनी, खोकी भरलीत ती भरलीत. आमची भिशी कुठल्या खोक्यात घातलीत, तेवढं सांगा."

"सांगते. आधी ही टेप धरा, खिडकीचं माप घ्यायचंय."

ती कुरकुरत स्टुलावर चढली. माप घेतले, कापड बोटांत चोळून पाहिले, भाव विचारला. मी खरा भाव सांगितला. ती वरूनच बाकीच्यांना म्हणाली, "एवढ्या भावाचं कापड भाड्याच्या खिडकीला? ही बाई कुठं जात नाही गं."

सगळ्या हसल्या. मग मी कोणाचे पैसे कुठे आहेत ते उघड सांगितले. फ्रिजवालीने मान डोलावली, तिकीटवालीने आपल्या प्रवासाची तारीख सांगितली. शेवटी मी विचारले, पैसे परत कोणाला हवेत? तोवर पडद्याला अस्तर लावायचे की नाही यावर दोन तट पडले होते.

चिठ्ठी तिथेच काढली आणि त्या महिन्याचे पैसे सगळ्यांनी भरले. पुढच्या भिशीला भाभी आपल्या दोन्ही जावांना घेऊन आली, आणि इतक्या बायका झाल्या की काहींना मला नाही म्हणावे लागले.