थोडं थांबा, वहिनी

भाचीच्या लग्नाहून आम्ही मिशिगनमधल्या नोव्हायला परत आलो, तेव्हा दाराला किल्ली लागेना. बाहेर बर्फ साचलेला, मुलगी सूटकेसवर बसून पेंगत होती. नवऱ्याला वाटलं, थंडीनं कुलूप गोठलं असेल. त्यानं किल्ली मुठीत धरून गरम केली आणि पुन्हा लावून पाहिली. मग माझं लक्ष गेलं. कुलूपच आमचं नव्हतं. नवं कोरं होतं, आणि मुठीला किल्ली ठेवायची एक नंबरवाली लोखंडी डबी लटकत होती.

गॅरेजचा कोड तेवढा कुणी बदलला नव्हता, म्हणून आम्ही तिकडून आत शिरलो. गाडी जागेवर होती. गाडीला मालकीचे कागद असतात म्हणून ती सोडली, हे पुढे कळलं. बाकी काही नव्हतं. सोफा नाही, पलंग नाहीत, पडदे नाहीत. फरशीला लिंबाच्या साबणाचा वास येत होता. नेलं ते नेलं, वर पुसूनही गेले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन एकेक कपाट उघडत राहिले. चमचासुद्धा नव्हता. देव्हारा होता त्या कोपऱ्यात भिंतीला दोन भोकं राहिली होती. वरून मुलगी म्हणाली, "आई, माय रूम इज गॉन." ती रडत नव्हती. एखादी वस्तू सापडत नाही म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं.

आम्ही पोलिसांना बोलावलं. आलेला अधिकारी सज्जन होता. त्यानं लोखंडी डबीवर चिकटवलेल्या फोन नंबरला फोन लावला, बराच वेळ बोलला आणि आमच्याकडे वळून म्हणाला की ही चोरी नाही. एका बँकेनं जप्त केलेलं घर म्हणून तिच्या कंत्राटदारानं ते रिकामं केलंय, त्यांच्याकडे तसा आदेश आहे, तेव्हा हा दिवाणी मामला झाला. नवरा म्हणाला, आमचं त्या बँकेत साधं खातंही नाही. आमचं कर्ज दुसरीकडे आहे आणि एकही हप्ता चुकलेला नाही. अधिकाऱ्यानं मान हलवली आणि वकील बघा म्हणाला.

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. आमच्या रस्त्याच्या नावापुढे 'कोर्ट' आहे, बंद गल्लीला इथे तसं म्हणतात. मागच्या बाजूला त्याच नावाचा एक 'ड्राइव्ह' आहे आणि तिथेही आमच्याच नंबरचं घर आहे. त्या घरातले लोक कर्ज थकवून निघून गेले होते. ट्रक यायचा तिथे, आला आमच्याकडे. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ट्रक पाहिला होता. माणसांनी कागद दाखवला, म्हणून ते गप्प बसले. "मला वाटलं, तुमच्यावर वाईट दिवस आले असतील. विचारायला बरं वाटेना," ते म्हणाले. दर उन्हाळ्यात मी त्यांना आमच्या अंगणातले टोमॅटो द्यायची. आमचं घर जाऊ शकतं, यावर त्यांचा किती पटकन विश्वास बसला होता.

आणि मग भाऊजी आले.

हे माझ्या नवऱ्याचे इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचे मित्र. नागपूरला दोघं एका खोलीत राहिले, अमेरिकेत एकाच वर्षी आले. माझी मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलात पहिला माणूस आला तो हा. पुढे ते कॉम्प्युटरच्या कामावरून एका बँकेत लागले. आमचं घर रिकामं करणारी बँक नेमकी तीच होती. आम्हाला तो त्या दिवसातला एकमेव चांगला योग वाटला. आपला माणूस आत आहे.

त्यांनी आम्हाला आपल्या घरी नेलं. त्यांच्या बायकोनं मुलीला आपली स्वेटरं दिली, आम्हाला गरम वरणभात वाढला आणि वाढता वाढता तीच रडायला लागली. तिला हसवायला म्हणून मी म्हणाले, "अगं, निम्मं भंगारच होतं ते. बेसमेंट आवरायचं म्हणून मी दोन वर्षं टाळत होते, त्यांनी आवरलं." ती खरंच हसली. भाऊजीही हसले.

वकिलाचा विषय नवऱ्यानं त्याच जेवणात काढला. भाऊजी म्हणाले, "थोडं थांबा, वहिनी. वकील आला की बँक तोंड बंद करते, मग सगळं कोर्टातून. मी आतून बघतो ना." मला ते पटलं. न पटायला काय होतं? आम्ही भाड्याचे पलंग आणले, दुकानातून चार ताटं आणली आणि थांबलो.

भाऊजी दर आठवड्याला यायचे. चहा घ्यायचे, काय काय गेलं ते विचारायचे, कुठल्या वस्तू नव्या होत्या, कुठल्या जुन्या, तेही. काम पुढे सरकतंय म्हणायचे. इथल्या मराठी मंडळात तोवर बातमी पसरली होती, आणि ती काही सरळ पसरली नव्हती. एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हप्त्यांची अडचण होती तर आधी बोलायचंस ना, आपण सगळे आहोत. मी त्यांना कोर्ट आणि ड्राइव्हमधला फरक समजावला. त्या ऐकून घेतल्यासारखं करून माझ्या हातावर थोपटत राहिल्या.

त्याच दिवसांत नवरा शनिवार-रविवार जुन्या सामानाच्या दुकानांतून फिरायला लागला. आमची एकच वस्तू त्याला सापडली. जवळच्या पाँटिअ‍ॅक गावातल्या एका दुकानात, हे काय आहे ते कुणालाच न कळल्यामुळे फुलदाण्यांच्या फळीवर ठेवलेलं आमचं पुरणयंत्र. दुकानदार बाईनं सगळी हकीकत ऐकून ते तसंच देऊन टाकलं. आणणारा माणूस तिला आठवत नव्हता.

वसंतात बँकेकडून प्रस्ताव आला. रक्कम अशी की त्यात धड स्वयंपाकघर उभं राहिलं नसतं, आणि ती घेतली की आमचा बँकेवरचा हक्क संपला अशी अट. भाऊजी म्हणाले, सही करून टाका, याहून जास्त निघणार नाही. नवरा पेन शोधायला उठलाच होता. का कोण जाणे, मी म्हणाले, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला मी हे सांगितलं. मी गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या विभागात काम करते. ती तिथे माझ्या आधीपासून आहे, डेट्रॉइटमध्येच वाढलेली. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि आपल्या मावसबहिणीला फोन लावला. ती आमची वकील झाली.

वकीलबाई साठीच्या पुढच्या होत्या आणि सहानुभूती दाखवण्यात वेळ घालवत नसत. त्यांनी पहिल्या भेटीत आम्हाला कायदा सांगितला. चुकून असो की मुद्दाम, दुसऱ्याची वस्तू उचलली की उचलणारा जबाबदार. बँक म्हणेल कंत्राटदाराची चूक, कंत्राटदार म्हणेल मजुरांची, मजूर म्हणतील फोनवर पत्ता तसाच आला. म्हणू देत. आदेश ज्यानं काढला त्यालाच आपण जबानीच्या खुर्चीवर बसवायचं. मग त्यांनी विचारलं की इतके महिने तुम्ही काय करत होता. नवऱ्यानं भाऊजींचं सांगितलं.

"तुमचं सामान लगेच टाकून दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अशी कंपनी ते महिनाभर गोदामात ठेवते. कुणी मागायला आलं तर म्हणून. त्या महिन्यात माझं एक पत्र गेलं असतं तर बरंचसं परत आलं असतं."

घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, भाऊजींना हे माहीत नसणार. मलाही तसंच वाटत होतं, किंवा वाटून घ्यायचं होतं.

दावा दाखल झाला आणि भाऊजींचं येणं थांबलं. ऑफिसनं बोलायला मनाई केलीय असा त्यांचा एकच मेसेज आला. ते समजण्यासारखं होतं.

पुढच्या हिवाळ्यात माझी शपथेवर जबानी झाली. लांबलचक टेबल, एका टोकाला सगळं टाइप करून घेणारी मुलगी, समोर बँकेचा तरुण वकील. तो फार अदबीनं बोलत होता. त्यानं सोफ्याचं विचारलं, भांड्यांचं विचारलं. मग माझ्या वडिलांच्या भेटकार्डांचं. वडील वर्ध्याला चित्रकलेचे मास्तर होते. मी अमेरिकेत आल्यापासून दर दिवाळीला ते मला हातानं रंगवलेलं कार्ड पाठवत, गेले त्या वर्षापर्यंत. ती सगळी एका पत्र्याच्या डब्यात होती. वकिलानं विचारलं, या कार्डांचा बाजारभाव काय असेल? मी म्हणाले, मला माहीत नाही, ती विकायची कधी वेळ आली नाही. तो म्हणाला, म्हणजे शून्य लिहायला हरकत नाही? आमच्या वकीलबाईंनी हरकत घेतली. मी पाणी प्यायले.

मग त्यानं कागद उलटला आणि तितक्याच अदबीनं विचारलं, "मॅडम, गेलेल्या सामानापैकी निम्मं भंगार होतं आणि ते काढलं गेलं हे बरंच झालं, असं तुम्ही कुणाला म्हणालात का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग वरणभाताचं ताट डोळ्यांपुढे आलं. त्या टेबलाशी आम्ही दोघं होतो, मुलगी होती, आणि ते दोघं. मी ते मराठीत बोलले होते, आणि समोरच्या या माणसाकडे ते इंग्रजीत, स्वच्छ होऊन पोचलं होतं. मी खोटं बोलले नाही. हो म्हणाले. का म्हणाले ते सांगायला लागले, तर तो म्हणाला, धन्यवाद, तेवढं पुरे.

बाहेर व्हरांड्यात मी नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. "त्याची बायको बोलली असेल कुणाशी," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की तसं नाही.

राहिलेली शंका वकीलबाईंनी संपवली. बँकेच्या अधिकाऱ्याची जबानी त्यांनी घेतली तेव्हा मी खोलीत होते. मजुरांनी सामान उचलण्याआधी फोटो काढून बँकेला पाठवले होते. त्यात भरलेला फ्रिज दिसत होता, मुलीच्या शाळेचं वेळापत्रक दिसत होतं, देव्हारा दिसत होता. सोडून दिलेल्या घरात फ्रिज भरलेला असतो का, असं बाईंनी विचारलं. आम्ही असे खूप फोटो बघतो, अधिकारी म्हणाला. म्हणजे बघता, की नुसते मंजूर करता? मग त्यांनी भाऊजींचं नाव घेऊन विचारलं. अधिकारी म्हणाला, हो, त्यांचे कुटुंबाशी संबंध आहेत हे आम्हाला कळलं होतं. संपर्कात राहा आणि प्रकरण वकिलाकडे जाणार नाही असं बघा, असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं.

तो गडी हे सरळ सांगत होता, जणू त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

मी भाऊजींना फोन केला. वकीलबाईंनी करू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी उचलला. ते म्हणाले, माझं ग्रीन कार्ड याच नोकरीवर अडकलंय, तुम्हाला माहितेय वहिनी. वरून विचारलं तर मी खोटं कसं बोलणार होतो?

"खोटं बोला असं कोण म्हणालं?" मी म्हणाले. "तुम्ही आमच्याकडे चहाला यायचात तेव्हा सांगायचं होतं, की आज मी बँकेकडून आलोय. मी चहा तरीही दिला असता."

मग मी ज्यासाठी फोन केला होता ते विचारलं. "सामान गोदामात आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नक्की माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ऐकलं होतं."

मी फोन ठेवला. गोदाम कुठे होतं ते मला नंतर कळलं. आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर.

खटला उभा राहायच्या आधीच बँकेनं तडजोड मागितली. ते फोटो असताना ज्युरीसमोर जायची त्यांची तयारी नव्हती, असं वकीलबाई म्हणाल्या. आम्ही दोन गोष्टींवर अडून बसलो. चूक बँकेची होती, हे तिनं लेखी मान्य करायचं. कंत्राटदाराच्या आड लपायचं नाही. आणि झालेल्या प्रकाराबद्दल आमची तोंडं बंद करायची नाहीत. रक्कम सांगायची नाही, एवढं त्यांचं मी मान्य केलं, म्हणून ती इथे नाही. मान्यतेचं वाक्य एका ओळीचं आहे. काकूंना मी ते मंडळात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

मोबदला मिळाला तो सामानाचा आणि झालेल्या त्रासाचा. भाऊजींबद्दल विचारलं तेव्हा वकीलबाई म्हणाल्या की जे केलं ते बँकेनं केलं, मित्राला मित्र म्हणून कोर्टात उभं करता येत नाही.

नवरा हळूहळू निवळला. तो म्हणतो, व्हिसावरच्या माणसाला किती मोकळीक असते, आपणही त्यातून गेलोय. माझी मुलगी त्यांचं नाव निघालं की खोलीत जाते. मागच्या महिन्यात भाऊजींचं ग्रीन कार्ड आलं. त्यांनी घरी जेवण ठेवलं, नवरा गेला, मी गेले नाही. येताना त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी डबा दिला होता, साबुदाणावडे आणि दाण्याची चटणी, मला आवडते तशी, लसूण जास्त घातलेली.

"तिचा काय दोष?" नवरा म्हणाला. "ती खरंच रडली होती त्या दिवशी."

मला माहीत आहे ती खरंच रडली होती. मी वडे खाल्ले. आपल्यात कुणाचा डबा तसाच पाठवत नाहीत, निदान चार साखरेचे दाणे तरी घालतात. मी तो घासला, पुसला, झाकण लावलं आणि रिकामाच नवऱ्याच्या हातात दिला.