रफूगाराची शाल

रफूगारानं चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली, आणि अशी बुजवली की गिऱ्हाईकच विचारायचं, "तुम्ही केलंत तरी काय?" याहून मोठी शाबासकी त्या धंद्यात नाही. साठी उलटल्यावर मात्र त्याच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणाला, "जन्मभर दुसऱ्याच्या कापडात लपून बसलो. आता एक वस्तू माझी. लोकांनी बघावं आणि म्हणावं, ही याची."

"करा की," बायको म्हणाली. "पण काय?"

तिथंच घोडं अडलं. हात काहीही करू शकत होते, म्हणूनच काय करावं ते सुचेना. चार महिने स्वारी भिंतीकडे बघत बसली. शेवटी बायको वैतागली. "मला थंडी वाजते. शाल विणा." कलावंताचा प्रश्न असा सुटला.

वर्षभर खपून त्यानं करड्या लोकरीची शाल विणली. बायकोला ती पांघरायला मिळाली नाही, कारण आधी गुरुबंधूला दाखवायची होती. दोघं एकाच उस्तादाकडे शिकलेले. पारख करावी तर त्यानंच.

गुरुबंधूनं शाल उजेडात धरली, उलटी केली, भिंग लावून अर्धा तास बोटं फिरवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हरलो, लेका. कुठं फाटली होती, सापडतच नाही."

"फाटली नव्हती. सगळी मीच विणलीय."

"हात्तिच्या!" गुरुबंधूनं भिंग खिशात टाकलं. "नवीच आहे होय? चांगली आहे. चहा घेतोस?"

रफूगार तोंड पाडून घरी आला. कात्री घेतली आणि शालीच्या ऐन मध्यावर करंगळी जाईल एवढं भोक पाडलं. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. मग काठातले धागे काढून, आठ दिवस मान खाली घालून त्यानं ते बुजवलं. वर्षभरात लागला नव्हता एवढा त्याचा जीव त्या बोटभर जागेत लागला.

या खेपेला गुरुबंधूची अख्खी सकाळ गेली. मग बोट एका जागी थांबलं.

"इथं," तो म्हणाला. "धागा वळवताना तू अजून डावीकडे ओढतोस. उस्ताद त्यावरून तुझे कान पिळायचे. हे तुझं काम. हजारात ओळखेन."

रफूगार त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. चूक पकडली गेल्याचा एवढा आनंद त्या धंद्यात आजवर कुणाला झाला नसेल.