काळं नाणं घासलं कुणी?

मी घासलं नाही, हे त्या दिवशी सात वेळा सांगितलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेली बाई आणि हातात फडकं, म्हणजे मीच! अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या त्या दुकानात मी सहा वर्षं झाडलोट केली. धूळ रोज निघायची, किस्से मात्र साठत गेले.

*

दुकान सुनील टिपणीसांचं. पुण्याचे इंजिनियर. २००२मध्ये जॉब गेला, तेव्हा शौकाचं दुकान केलं. जुनी जर्मन चांदीची नाणी. चारशे वर्षांपूर्वी तिकडे गल्लीबोळात राजे, आणि प्रत्येकाची टांकसाळ वेगळी. एका राजाचं चित्र बघून मी विचारलं, ह्याचं राज्य केवढं? साहेब म्हणाले, आपल्या तालुक्याएवढं.

"पोट तर जिल्ह्याएवढं दिसतंय."

*

पहिल्याच दिवशी दम मिळाला होता. नाणं पुसायचं नाही. चांदीवरचा काळपटपणा म्हणजे तिचं वय, तो गेला की किंमत गेली. मला काही पटलं नाही. आमच्याकडे दिवाळीला चांदी काळी ठेवली तर सासू सुनेला उभं सोलते. पण पगार त्यांचा, म्हणून फडकं फक्त काचेवर फिरवायचे.

*

एका नाण्यावर उघडाबंब, केसाळ माणूस, हातात उपटलेलं झाड. मला मारुतीच वाटला. शनिवारी काचेबाहेरून फूल वाहिलं. एका गोऱ्या गिऱ्हाइकानं ते बघितलं, हसला, आणि तेच नाणं बुक करून गेला. दिवाळीनंतर न्यायला येणार होता.

*

दिवाळी झाली. साहेबांनी डबी उघडली, तर मारुती नव्या ताटासारखा लखलखीत. साहेबांचा चेहरा उतरला.

"शोभाताई, काय केलंत हे?"

दुकानात रोज गप्पांना येऊन बसणाऱ्या दोन मराठी काकांनी माना हलवल्या. फूल वाहिलेलं सगळ्यांना ठाऊक होतं ना. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण रविवारच्या आत ही गोष्ट सगळ्या मराठी घरांत पोचली असती, मग मला उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं असतं?

मी नाणं हुंगलं. दंतमंजनाचा वास. मी चांदी चिंचेनं घासते. विचारलं, साहेब, हे घरी नेलं होतं? ते खाली बघायला लागले. लक्ष्मीपूजनाला दुकानातलं सगळ्यात भारी नाणं पाटावर हवं, म्हणून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी डबीत घालून परत दिलं ते पुण्याहून आलेल्या त्यांच्या आईंनी.

"काढा गाडी," मी म्हटलं.

*

आई सोफ्यावर वाती वळत होत्या. विचारल्याबरोबर म्हणाल्या, "मीच घासलं. काळंकुट्ट नाणं लक्ष्मीपुढे ठेवतोस, एवढा शिकलास तरी लाज नाही वाटत?"

तेवढ्यात गोऱ्याचा फोन आला. साहेबांनी सॉरी म्हटलं, नाणं घासलं गेलंय, आता तुमच्या उपयोगाचं नाही. पलीकडून तो एवढा ओरडला की मलाही ऐकू आलं. कुणी घासलं, नाव सांगा म्हणत होता.

आई चष्म्यावरून बघत होत्या. मी दारात, कमरेवर हात ठेवून. साहेबांनी एकदा आईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि घाम पुसला.

"सुनील टिपणीस."